अंगाचं ऐकू नका

आधी जाड कपडे चढवा. लोकरीचे दोन थर, वर कातडी कोट, कान झाकणारी टोपी. तारीख २२ फेब्रुवारी १९२१, रात्रीचे पावणेअकरा, गाव नॉर्थ प्लॅट, अमेरिकेतलं नेब्रास्का राज्य. बर्फाच्या माळावर डीएच-४ जातीचं दुपंखी विमान घरघरत उभं आहे. महायुद्धात बॉम्ब टाकायचं, आता टपाल खात्यात नोकरीला आहे. पुढच्या बैठकीच्या जागी टपालाचा खण केलाय, तुम्ही त्यातल्या थैल्यांवर बसायचं. मागे उघड्यावर वैमानिक जॅक नाइट. मध्यंतरी झालेल्या अपघातात त्याचं नाक मोडलंय, त्यावर पट्टी आहे.

आजवर टपाल दिवसा विमानाने जायचं आणि अंधार पडला की आगगाडीत चढायचं, कारण रात्री विमान उतरवायचं कुठे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. असल्या विमानसेवेवर पैसे कशाला घालवायचे, असं अमेरिकी संसदेतले लोक विचारू लागले होते. म्हणून हा प्रयोग. सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क, रात्रंदिवस न थांबता. आजच नेवाडात या प्रयोगातल्या एका वैमानिकाचा जीव गेला आहे.

विमान उडतं. वारा तोंड सोलून काढतो. खाली काळं, वर काळं. तेवढ्यात दूर एक तांबडा ठिपका दिसतो. शेकोटी आहे ती. पुढे आणखी एक. गावोगावच्या लोकांनी आणि टपाल खात्याच्या माणसांनी थंडीत उभं राहून लाकडं पेटवली आहेत, ती एका अनोळखी माणसाला वाट दिसावी म्हणून. आज विमानतळांवर जी कोट्यवधींची यंत्रं बसवतात, त्यांची ही पहिली आवृत्ती.

रात्री एकच्या सुमाराला ओमाहा. इथे नाइटचं काम संपायला हवं, पण पुढचा वैमानिक हवामानामुळे शिकागोतच अडकलाय. नाइट म्हणतो, मी नेतो. ओमाहाच्या पुढची ही वाट त्याने कधी उडून पाहिलेली नाही. रस्त्यांचा एक नकाशा सोबत घेतो आणि निघतो. तुम्हाला उतरून जायची मुभा आहे, पण बसाच.

डे मॉइनला बर्फ एवढं साचलंय की उतरणं अशक्य. इंधन संपत आलेलं. आयोवा सिटीवर येता तेव्हा खाली मिट्ट काळोख. उड्डाण रद्द झालं अशा समजुतीने मैदानावरचे लोक घरी गेलेत. नाइट वर घिरट्या घालतो. इंजिनाचा आवाज ऐकून रात्रीचा पहारेकरी धावत बाहेर येतो आणि एक मशाल पेटवतो. तेवढ्या एका ज्वाळेवर विमान उतरतं. सकाळी ८ वाजून ४० मिनिटांनी शिकागो. तिथून पुढे दुसरे वैमानिक. खंड ओलांडायला टपालाला एकूण ३३ तास २० मिनिटं लागली, आणि संसदेने पैसे मंजूर केले.

त्या पैशांतून पुढच्या काही वर्षांत दर दहा-एक मैलांवर फिरत्या दिव्याचे मनोरे आले. त्यांच्या पायथ्याशी सिमेंटचे भलेमोठे बाण ओतले, पिवळे रंगवलेले, पुढच्या मनोऱ्याची दिशा दाखवणारे. काही बाण अजून तिथल्या माळरानांवर पडून आहेत. पण दिव्याचं एक वाईट असतं. धुकं आलं की तो विझल्यातच जमा.

आणि धुक्यात फक्त वाट चुकते असं नाही, माणूसच चुकतो. तुमच्या कानाच्या आत अर्धवर्तुळाकार बारीक नळ्या आहेत, त्यांत द्रव भरलेला आहे. डोकं वळलं की द्रव क्षणभर मागे राहतो आणि मेंदूला कळतं, आपण वळतोय. पण वळण एकसारखं चालू राहिलं, तर घागर फिरवत राहिल्यावर आतलं पाणीही तिच्याबरोबर फिरू लागतं तसा हा द्रव नळीचा वेग धरतो. मग कान बेधडक सांगतो: सगळं सरळ आहे. विमान मात्र एका अंगावर कलून गिरक्या घेत खाली चाललेलं असतं. वेग वाढतोय हे ऐकून वैमानिक नाक वर ओढतो, आणि त्याने गिरकी आणखी आवळते. ढगात क्षितिज दिसत नाही तोवर ही फसवणूक उघड होत नाही. त्या काळचे नावाजलेले वैमानिक ‘मला अंगानेच कळतं’ असं अभिमानाने म्हणत, आणि ढगात शिरले की अंगावर भरवसा ठेवून मरत.

आता कोट काढा. २४ सप्टेंबर १९२९, न्यूयॉर्कजवळचं लाँग आयलंड, मिचेल फील्ड. सकाळचं धुकं. समोर पुन्हा एक दुपंखी विमान, पण मागच्या बैठकीवर कॅनव्हासचं झाकण आहे. त्याखाली लष्करातला जिमी डूलिटल बसतो. हा माणूस हवाई कसरतींसाठी प्रसिद्ध, पण एमआयटीचा डॉक्टरेटवालाही. झाकण बंद झालं की त्याला बाहेरचं काही म्हणजे काही दिसणार नाही. पुढे बेन केल्सी, काही बिनसलंच तर विमान सावरायला. तुम्ही कुठे बसलात हे विचारू नका. कालप्रवासात तेवढी जागा होते.

हा सगळा खर्च गुगेनहाइम कुटुंबाच्या निधीतून चाललाय. धुकं हटवण्याचे प्रयोगही त्यांनी करून पाहिले. खडीच्या खाणीचा एक मालक आपल्या खाणीत धुकं पळवणारी अजस्र शेगडी घेऊन आला होता. त्याच्या खाणीतलं धुकं पळायचं, मोकळ्या मैदानावरचं ढिम्म हललं नाही. (पुढे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना पेट्रोल जाळून धुकं खरोखर हटवलं. पण बॉम्बफेकी विमानं वाचवायची घाई होती म्हणून तो खर्च परवडला. शांततेत कोण करणार?) धुकं जात नसेल, तर धुक्यातून उतरायला शिकायचं, असं डूलिटलच्या गटाने ठरवलं.

झाकणाखाली या आणि समोरच्या फळीवर पाहा. तीन उपकरणं नवी आहेत. स्पेरींच्या कारखान्यातली दोन, जायरोवर चालणारी: एक कृत्रिम क्षितिज दाखवतं, दुसरं दिशा. तिसरं पॉल कोल्समन या जर्मन स्थलांतरिताने बनवलेलं उंचीमापक. जुन्या उंचीमापकांची चूक सहज पन्नास-शंभर फुटांची असायची, म्हणजे जमीन लागल्यावर ते सांगणार की अजून वेळ आहे. याची चूक थोड्या फुटांची.

आणि चौथी गोष्ट जमिनीवरून येते. मैदानावरचा रेडिओ दोन झोतांत संदेश सोडतो. विमानात धातूच्या दोन बारीक पट्ट्या त्यावर थरथरतात. दोन्ही सारख्या थरथरल्या तर तुम्ही वाटेवर आहात. एक जास्त थरथरली, तर वाटेवरून सरकलात. दोन पट्ट्यांची बरोबरी साधत राहायचं, बस्स. हे नीट लक्षात ठेवा, कारण आजही धावपट्टीवर उतरण्याची मुख्य पद्धत या ‘दोन सारखे करा’ कल्पनेवर उभी आहे.

विमान उठतं. केल्सी आपले दोन्ही हात बाहेर सगळ्यांना दिसतील असे धरतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की यानेच चालवलं. वळण घेताना तुमचं अंग ओरडतं की आपण कललो नाही आहोत. काचेतली रेघ सांगते, कललोत. डूलिटल अंगाकडे लक्षच देत नाही. मैदानाच्या दिशेने येताना तो ताशी ६० मैलांचा वेग धरून विमान तसंच खाली सोडतो. जमीन कधी लागेल? लागेल तेव्हा लागेल. आणि लागते, धाडकन. पंधरा मिनिटांत सगळं आटोपतं. स्वतः डूलिटलच्या मते लँडिंग गबाळंच होतं. एका माणसाने बाहेर न पाहता विमान उडवून, फिरवून, परत उतरवलं होतं, आणि त्याला टापटिपीची पडली होती!

या दिवसाला तीन वर्षं उलटल्यावर जुहूला या. १५ ऑक्टोबर १९३२, दुपारचे पावणेदोन. उत्तरेकडून एक छोटं पस मॉथ विमान येतंय. आत जे. आर. डी. टाटा आणि पंचवीसेक किलो टपाल. सकाळी साडेसहानंतर कराचीहून निघाले, अहमदाबादला उतरले, तिथे बैलगाडीतून आलेले पेट्रोलचे डबे विमानात रिते झाले, आणि आता मुंबई. मिचेल फील्डवरचं यातलं काहीही इथे नाही. ना टॉवर, ना रेडिओ, ना दिवा. होकायंत्र, नकाशा आणि डोळे. उजव्या हाताला समुद्र ठेवायचा आणि वसईची खाडी ओलांडली की मैदान शोधायचं. हवा स्वच्छ आहे म्हणून हे जमतं. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सगळा बाडबिस्तरा पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. आपल्याकडच्या विमानसेवेची सुरुवात म्हटली की सगळे शौर्याबद्दल बोलतात. मला त्यात गरिबीही दिसते. यंत्र न्यूयॉर्कला होतं, इथे फक्त नजर होती, आणि ती चांगली होती हे आपलं नशीब.

मधली काही वर्षं ओलांडू. रेडिओच्या वाटा आल्या, कानात मोर्सचे ठिपके-रेघा ऐकत त्यावरून उडायचं. जानेवारी १९३८ मध्ये पिट्सबर्गला हिमवादळात एक प्रवासी विमान उपकरणांच्या आधाराने उतरलं. मग युद्ध. आणि युद्ध संपल्यावर तीन वर्षांनी बर्लिन. इथे जरा जास्त थांबू, कारण या साऱ्या इतिहासातली मला सगळ्यात आवडणारी जागा ही आहे.

नोव्हेंबर १९४८ ची रात्र. रशियाने जूनमध्ये पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे सगळं बंद केलंय. वीस लाखांवर माणसं आत आहेत आणि त्यांचं पीठ, कोळसा, दूध पावडर, सारं हवेतून यायचं आहे. तुम्ही फ्रँकफर्टजवळच्या तळावरून निघालेल्या चार इंजिनांच्या सी-५४ विमानात, दोन्ही वैमानिकांच्या मागे उभे आहात. मागे दहा टन कोळसा. त्याची धूळ दातांत, डोळ्यांत, उपकरणांच्या फटींत. फुल्डाच्या रेडिओ बीकनवर सुई गर्रकन फिरते, वैमानिक घड्याळ पाहतो. पुढचं विमान तीन मिनिटं पुढे आहे, मागचं तीन मिनिटं मागे. मध्ये ढग. कुणी कुणाला दिसत नाही. वीस मैल रुंदीच्या हवाई पट्ट्यातून सरळ जायचं, बाहेर सरकलात तर रशियन लढाऊ विमानं.

ही शिस्त एका फजितीतून आली. १३ ऑगस्टच्या शुक्रवारी ढग छपरांना टेकले होते. एक विमान बर्लिनमधल्या टेंपेलहोफ विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन पेटलं. दुसऱ्याने त्याला चुकवताना टायर फोडले. तिसरं अर्धवट बांधलेल्या पट्टीवर उतरून भोवऱ्यासारखं गर्रकन फिरलं. वर बाकीची विमानं एकावर एक घिरट्या घालत होती आणि त्यांतल्याच एकात या साऱ्या मोहिमेचा प्रमुख, जनरल विल्यम टनर, चरफडत बसला होता. आसाममधून हिमालयावरून चीनला माल पोहोचवणारी युद्धकाळातली मोहीम चालवून तो इथे आलेला. त्याने वरच्या सगळ्या विमानांना परत पाठवलं आणि नियम केला: आकाश स्वच्छ असो वा नसो, प्रत्येकाने उपकरणांवरच उडायचं. उतरण्याची संधी एकच. हुकली तर कोळशासकट माघारी. पुन्हा प्रयत्न नाही.

आता खाली ऐका. ‘ग्राउंड कंट्रोल्ड अ‍ॅप्रोच’ असं या पद्धतीचं नाव. लुइस अल्वारेझ या भौतिकशास्त्रज्ञाने युद्धात एमआयटीच्या प्रयोगशाळेत तिची कल्पना काढली, पुढे त्याला नोबेलही मिळालं, पण दुसऱ्याच कामासाठी. सगळी यंत्रं जमिनीवर. धावपट्टीशेजारच्या गाडीत एक कंट्रोलर अंधारात रडारच्या पडद्यांसमोर बसलाय. एका पडद्यावर तुम्ही डावी-उजवीकडे किती आहात ते, दुसऱ्यावर वर-खाली किती. विमानात मात्र साधा रेडिओ आणि ऐकून घेणारा माणूस, एवढंच लागतं.

‘यापुढे उत्तर देऊ नका,’ आवाज सांगतो. मग तो थांबतच नाही. ‘थोडे डावीकडे सरकताय. दोन अंश उजवीकडे घ्या. उतार बरोबर. उतार बरोबर. आता किंचित वर आहात, उतरण्याचा वेग वाढवा. छान. मध्यावर आलात.’ आवाजात घाई नाही, काळजी नाही, आणि मध्ये जीवघेणी शांतता नाही. शांतता पडली तर वैमानिकाला वाटेल की रेडिओ गेला. म्हणून कंट्रोलरने सांगण्यासारखं काही नसतानाही बोलत राहायचं. खिडकीबाहेर राखाडी लोकर. तुम्हाला ठाऊक आहे की खाली पाच-पाच मजली इमारती आहेत, टेंपेलहोफ शहराच्या पोटात आहे. अंग म्हणतंय: वर ओढ. आवाज म्हणतोय: उतार बरोबर.

आणि एकाएकी पिवळ्या दिव्यांची रांग. हे दिवे चर्चच्या दफनभूमीत खांब रोवून लावलेत, कारण धावपट्टीच्या समोर तेवढीच मोकळी जागा होती. थडग्यांवरून, छपरांच्या मधून, चाकं टेकतात. वीस सेकंदांपूर्वी काही दिसत नव्हतं. कोळसा उतरवायला माणसं धावतात. कंट्रोलर एव्हाना पुढच्या विमानाशी बोलतोय. तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नाही, वैमानिकालाही कधी दिसला नाही. मे १९४९ मध्ये नाकेबंदी उठेपर्यंत आणि त्यानंतरही काही महिने हे चाललं. सुमारे पावणेतीन लाख उड्डाणं, तेवीस लाख टन माल. त्यातलं किती त्या आवाजांनी खाली आणलं याचा हिशोब मांडायचा तर शहराचा हिवाळाच मांडावा लागेल.

पण जगाने शेवटी हा आवाज निवडला नाही. प्रवासी विमानांसाठी आयएलएस, म्हणजे ‘इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम’, निवडली गेली. कारण उघड होतं. प्रत्येक विमानामागे एक तरबेज बोलणारा माणूस चोवीस तास कुठून आणायचा? वैमानिकांनाही सुकाणू आपल्या हातात हवं होतं. आयएलएसमध्ये धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला अँटेनांची एक रांग असते, ती लोकलायझर. तिच्या लहरीत दोन सूर मिसळलेले असतात, ९० हर्ट्झ आणि १५० हर्ट्झ. डावीकडे गेलात तर पहिला वरचढ, उजवीकडे गेलात तर दुसरा. बरोबर मध्यावर दोन्ही सारखे. डूलिटलच्या दोन पट्ट्याच या, फक्त आता दिसत नाहीत. धावपट्टीच्या कडेच्या दुसऱ्या मनोऱ्यावरून तसेच दोन सूर उभ्या दिशेने येतात आणि साधारण तीन अंशांचा उतार आखतात.

१० जून १९६५. हवं तर कोट-टाय घाला. पॅरिसच्या ल बूर्जेहून हीथ्रोला जाणारं ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं ट्रायडेंट विमान. प्रवासी नेहमीचे. शेवटच्या शंभरेक फुटांत कॅप्टनचे हात सुकाणूजवळ आहेत, पण त्यावर जोर नाही. विमानाचं नाक आपोआप उचललं जातं आणि चाकं टेकतात. प्रवाशांनी भरलेलं नियमित विमान असं उतरण्याची ही पहिली वेळ. लंडनच्या धुराळलेल्या धुक्याने दरवर्षी वेळापत्रकाची वाट लागायची, म्हणून इंग्रजांनी हे चिकाटीने केलं. पुढे दाट धुक्यात उतरण्यासाठी त्यांनी एकाच कामाच्या तीन यंत्रणा बसवल्या. तिघींपैकी एक वेगळं सांगू लागली, तर उरलेल्या दोघी तिला बाजूला काढतात. अंगावर विश्वास नको, इथवर आपण आलो होतोच. आता एकट्या यंत्रावरही नको.

एप्रिल २०२२. राजस्थानातलं किशनगढ, संगमरवराचं गाव. इंडिगोचं एक एटीआर विमान उतरतंय. वाट दाखवणारे लोकलायझरचे सूर नाहीत. ती वाट गगन या भारतीय यंत्रणेतून येते. देशभरची केंद्रं जागा सांगणाऱ्या उपग्रहांच्या मापनातली चूक मोजतात आणि ती दुरुस्ती ३६ हजार किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहातून विमानाला मिळते. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून हे उभारलं. महागडी आयएलएस न परवडणाऱ्या छोट्या विमानतळांना याचा खरा उपयोग. ज्या कोकणपट्टीत आणि विदर्भात नवी विमानतळं होतात, तिथल्या लोकांनी हे नाव लक्षात ठेवावं.

शेवटचा मुक्काम स्वतःच्याच खुर्चीत. जुलैची रात्र, मुंबई, पूर्वेकडून येऊन धावपट्टी २७. खिडकीवर पाण्याच्या रेघा. घाटकोपरचे दिवे अधूनमधून फाटक्या ढगांतून दिसतात आणि झाकले जातात. कॉकपिटमध्ये दोन सूर सारखे आहेत, उतार तीन अंश. दोनशे फुटांवर कॅप्टनने डोळे वर करून पाहायचं. समोर दिवे दिसले तर उतरायचं. नाहीतर नाही. इंजिनं एकदम गर्जतात, तुम्ही खुर्चीत दाबले जाता, विमान वर चढू लागतं.

‘अहो, दिवे दिसत होते की खाली!’ शेजारचे काका वैतागतात. ‘अगदी माणसं दिसत होती. मग का नाही उतरवलं?’

काकांचं खोटं नाही. पण ते सरळ खाली पाहत होते, मध्ये फक्त दोनशे फूट ढग होता. कॅप्टन तिरपं समोर पाहत होता. तीन अंशांच्या उतारावरून, तेवढ्याच उंचीवरून, चाकं टेकण्याची जागा अकराशे मीटरच्याही पुढे असते, आणि तेवढा सगळा पाऊस त्याच्या नजरेच्या वाटेत आला. त्यासाठीच धावपट्टीच्या अलीकडे नऊशे मीटरपर्यंत दिव्यांच्या रांगा आणि आडव्या पट्ट्या लावतात, म्हणजे निर्णयाच्या क्षणी निदान पहिला दिवा तरी विमानाच्या पायाखाली असेल. आज तोही दिसला नाही.

हे सगळं तुम्ही काकांना समजावून सांगता. ते ऐकून घेतात. मग घोषणा होते, विमान अहमदाबादला वळवण्यात येत आहे.

‘तिथे जेवण देतील ना?’ काका विचारतात.